नाही म्हणायला शिकवणारी राजनंदिनी

जळोचीच्या राजनंदिनी कोकरे संगणकातले व्हायरस काढून देतात. बहुतेक घरांत व्हायरस नसतोच. पण तसे सांगितले की बाई शिकाऊ आहे असे लोकांना वाटते. अकरा वर्षांपासून त्या स्कूटीवरून बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर जातात. त्यांचे आजोबा मेंढरे घेऊन याच भागात फिरायचे आणि वाटेत लोकांची आजारी जनावरे तपासायचे. त्यांच्या निदानावर मात्र कोणी शंका घेत नसे.

गेल्या महिन्यात इंदापूर रस्त्यावरच्या रामहरीतात्यांनी त्यांना दुपारी साडेतीनला बोलावले. डाळिंबाची बाग निर्यातीसाठी नोंदवायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. नोंदणी हुकली तर वर्षभर फुलासारखा जपलेला माल गावच्या बाजारात जाणार होता. अर्ज उघडला की त्यावर लाल इशारे येऊन बसत: संगणकात तेरा व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. तात्या फोन करणारच होते. त्यांच्या पत्नीने, सिंधुबाईंनी, मोबाईल काढून घेतला होता.

राजनंदिनींनी ब्राउझरची सेटिंग्ज उघडली. व्हायरस एकही नव्हता. सूचना पाठवायची परवानगी मात्र एकशे बेचाळीस संकेतस्थळांना दिलेली होती. ज्योतिष, लॉटरी, केस उगवणारे तेल. ज्याने विचारले त्याच्यासाठी तात्यांनी ‘अनुमती द्या’ दाबले होते. त्यांतलेच काही आता व्हायरसची भीती घालत होते.

“दारात येऊन इचारणाऱ्याला न्हाय कसं म्हणायचं?” तात्या म्हणाले.

“यष्टी चुकलेला माणूसबी हितं जेवून जातो,” सिंधुबाई म्हणाल्या. “ताटं ह्यांना घासायची नसत्यात.”

दहा मिनिटांत सगळ्या परवानग्या निघाल्या. यापुढे चौकट आली की ‘ब्लॉक करा’, असे राजनंदिनींनी बजावले. तात्यांनी ते दोनदा म्हणून दाखवले आणि स्वतःच अर्ज भरायला बसले.

चार पस्तीसला शेवटच्या पानावर चौकट आली. राजनंदिनी चहा घ्यायला वळल्या होत्या. तात्यांनी ठामपणे बटण दाबले. अर्ज अडला. बागेची जागा पाहण्याची परवानगी नाकारल्यामुळे नोंदणी करता येत नाही, असे पडद्यावर आले.

“म्या न्हाय म्हणलो,” तात्या अभिमानाने म्हणाले.

पान पुन्हा उघडावे लागले, अर्ज पहिल्यापासून भरावा लागला. या वेळी राजनंदिनींनी जागेची परवानगी देऊन तो भरला. पावती चार बावन्नला आली.

“मग व्हय कुणाला आन् न्हाय कुणाला, हे वळखायचं कसं?” तात्यांनी विचारले.

“वाचून, तात्या.”

“माणूस दारात आला की आमी पायताण बघतो. हितं पायताणच दिसत न्हाय. तूच आठवड्याला येऊन बघत जा.”

राजनंदिनी स्कूटीपाशी आल्या तेव्हा शेजारचे विजयसिंह बांधावर उभे होते. किती व्हायरस निघाले, असे त्यांनी विचारले.

“तेरा,” मागोमाग आलेल्या तात्यांनी सांगितले.

आपल्या संगणकातही बहुधा तेवढेच असतील, असे विजयसिंह म्हणाले. राजनंदिनींनी डोक्यावर चढवलेले हेल्मेट पुन्हा काढले आणि त्या विजयसिंहांच्या मागोमाग निघाल्या.