लंकेचा फवारा

देवी माझ्या अंगात एकदाच आली, तीही मी बोलावली म्हणून.

चौपन्न-पंचावन्न साल असेल. कामरगावपासून दोन कोसांवरच्या खेड्यात मी नवी सून होते. माहेरी भुलाबाईच्या खेळात सासूचे सोंग मी असे वठवायची की बायका तोंडाला पदर लावून हसत. सासरी सासू अस्सल होती, त्यामुळे ती कला पेटीत बंद ठेवावी लागली.

मोठी जाऊ तेव्हा गरोदर होती. आधी दोनदा तिचा गर्भ हिवतापाने पडला होता, दोन्ही वेळा नवरात्राच्या सुमारास. आधी थंडी भरायची, अंगावर तीन-तीन गोधड्या पडायच्या आणि मग सगळे संपायचे. यंदा तिने गोधड्यांची घडी करून त्या माळ्यावर टाकल्या होत्या आणि ती तिकडे बघतही नसे.

भाद्रपदात हिवतापाच्या फवारणीची माणसे आली. बैलगाडीत पंप, बादल्या, पांढऱ्या भुकटीचे डबे आणि मागून सायकलवर खाकी कपड्यातला साहेब. साहेब म्हणजे जवळच्या मंगरूळपीरचाच, बोलायला आपल्यासारखा. त्याने सांगितले, ही भुकटी परदेशाने मदत म्हणून जहाजातून पाठवली आहे, आणि अशीच लंकेलाही पाठवली.

सासूबाईंनी कान टवकारले. "लंकेले? रावनाच्या?"

"हाव माय. समुद्रातलं बेट हाय ते. तिथं तं आपल्या आधी मारला हा फवारा. लय ताप होता म्हन्तात तिकडं."

"एकडाव मारुतीनं जाळली, आता हे फवारून राह्यले. त्या लंकेच्या नशिबी निवांतपना नाई."

साहेब इतका हसला की टोपी काढून परत घालावी लागली. मग गंभीर होऊन म्हणाला, "मच्छर भितीवर बसते अन् तिथंच मरते. पन सहा महिने भितीले शेनमाती लावाची नाई. लावली तं दवा खाली दबते. मंग आमी आलो काय अन् नाई आलो काय, सारखंच."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांची मान पाहुण्यांसाठी हलायची. हात स्वतःच्या मर्जीने चालायचे.

आठ दिवसांवर घट आले. भिंतींवर पांढरे ओघळ, घरभर उग्र वास. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "काय व, यंदा घट अशातच बसवता काय? भिती तं कावळ्यानं हागल्यावानी दिसून राह्यल्या."

झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घमेल्यात पांढरी माती भिजली, बादलीत शेणकाला झाला, आणि सासूबाईंनी पोतेरे हातात घेतले.

मी म्हणाले, "आत्याबाई, तो साहेब सहा महिने म्हनत होता."

"साहेबाच्या घरी घट बसते काय?"

जाऊ भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिने वर भिंतीकडे पाहिले आणि सूप मांडीवरून खाली ठेवले.

तेव्हा मी केस सोडले.

आधी हलके डोलले, मग घुमले. एक बांगडी फुटली, ती ठरवून नव्हे, पण उपयोगी पडली. शेजारणी धावल्या. कोणी कुंकू आणले, कोणी लिंबू. मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भितीले हात लावाचा नाई. मले हा वास आवडते."

सासूबाई पोतेरे घेऊन समोर आल्या. "किती दिस, माय?"

खेळ छान रंगला होता, आणि तिथेच जिभेने दगा दिला. "सहा महिने, आत्याबाई. भुई सारवा तुमी, पन भितीले नोका लावू."

देवी साऱ्या जगाला अरे-तुरे करते. माझी देवी सासूला आत्याबाई म्हणाली, वर तुमी म्हणाली. सासूबाईंनी माझ्या डोळ्यांत रोखून पाहिले. मी डोळे पांढरे केले. दुसरे काय करणार?

मग त्यांनी पोतेरे बादलीत टाकले आणि शेजारणीकडे वळल्या. "आयकलं ना व? देवीले वास आवडते. आता तुह्या भितीही तशाच राहू दे."

त्या वर्षी आमच्या आळीत सगळे घट ओघळलेल्या भिंतींपुढे बसले. भुई मात्र आरशासारखी. नवरात्र गेले, कोजागिरी गेली, दिवाळी गेली. गोधड्या निघाल्या त्या थंडीच्याच दिवसांत, आणि एकेकीला एकच. माघात जावेला मुलगी झाली. तिच्या पहिल्या टाहोने गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "आवाज पाह्य," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काकूच्या देवीवर गेली."

पुढच्या भाद्रपदात बैलगाडी आणि मागून तोच साहेब आला, तेव्हा सासूबाई नात कडेवर घेऊन वाटेतच उभ्या होत्या. पहिले घर आमचे.

"आत्याबाई, यंदा भिती…" मी सुरुवात केली.

"तू गप राह्य. औंदा मी सोताच सांगतो साऱ्याइले. देवी कोनाले आत्याबाई म्हन्ते काय व?"

मी पदरात तोंड लपवले. सासूबाई साहेबाकडे वळल्या. "तिकडं लंकेले काही निरोप जाते काय रे बाप्पा?"

"कायचा निरोप, माय?"

"तिथल्या बायाइले सांगजा. भुई सारवा म्हना, भितीले हात नोका लावू."