सावंतकाकूंनी धरलेला नंबर

आज सकाळी ई-सायकलची बॅटरी शून्य. चार्जिंगला लावली होती, पण बटणच चालू केलं नव्हतं. वाट लागली.

मग सायकल घेतल्यापासून आठ महिन्यांनी पहिल्यांदाच सोसायटीबाहेरच्या शेअर रिक्षाच्या लाइनीत उभा राहिलो. मुलुंड स्टेशनला जायला आधी रोज हीच लाइन. शेजारच्या बिल्डिंगमधल्या सावंतकाकू लवकर येऊन माझा नंबर धरायच्या. मागून कोणी कटकट केली की म्हणायच्या, "थांब रे, येता हा तो."

आज त्या दिसल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर नेहमीच्या रिक्षावाल्याला विचारलं, "काकू सुट्टीवर का?"

"गेल्या ना त्या. तीन महिने झाले. झोपेतच." सिग्नलला थांबल्यावर तो परत बोलला, "तुम्ही सायकल घेतली तरी किती दिवस तुमचा नंबर धरायच्या. बोलायच्या, सायकल बिघडली तर येईल ना तो."

मी "अच्छा" म्हणालो. ऑफिसला गेलो, डबा खाल्ला, मीटिंगमध्ये बोललोसुद्धा.

सायकल झकास आहे, यात वाद नाही. वेळ वाचतो, कोणासाठी थांबावं लागत नाही. आत्ता चार्जिंगला लावलीय, बटण दोनदा बघितलं. उद्या सायकलनेच जाणार.

फक्त एक सांगा, सायकलवाल्यांनो. त्या लाइनीजवळून जाताना मी रोज काकूंसाठी घंटी वाजवायचो आणि हात करायचो. वेगात असायचो, त्यामुळे नीट बघायचो नाही.

मग गेले तीन महिने मी हात कोणाला करत होतो?