नवसाबाईनं मिश्री सोडली

बहिरूनानांनी विडी सोडली, तेव्हा त्यांच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात बाळंतीण आल्यासारखी गडबड उडाली. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, आता एक जरी ओढली तर माझ्याकडे येऊ नका. नाना भेदरले आणि घरी येताच विडीचं बंडल उकिरड्यावर फेकून आले. मुलानं, संतोषनं, त्यांच्यासाठी बडीशेप आणि खारका आणल्या. सून मनीषा त्यांच्या चहात आलं जास्त ठेचू लागली. नाना भरल्या ताटावरून उठले, विनाकारण कुणावर तरी डाफरले, तरी घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. विडीवाचून त्यांचा जीव कासावीस होतोय, असं सगळे एकमेकांना समजावायचे.

नवसाबाई झेंडूच्या माळा ओवता ओवता हे बघत होती. नवरा बरा व्हावा असं तिला वाटत होतंच. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून, ती तापानं फणफणलेली असो की पोटुशी, आपल्या खाण्यापिण्याची कुणी अशी उठाठेव केल्याचं तिला आठवेना. शेजारची कमळाबाई रोज डोकावून विचारायची, "नाना कसे हायेत? लय धीराचा माणूस बाई!" ते ऐकलं की नवसाबाई सुई जरा जोरानंच फुलात खुपसायची.

एका सकाळी ती दातांना लावायच्या तंबाखूच्या मिश्रीची डबी घेऊन मोरीपाशी बसली होती. आत नाना फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मन घट्ट लागतं. येऱ्यागबाळ्याचं काम नाय ते." नवसाबाईनं बोटावर घेतलेली मिश्री तशीच धुऊन टाकली. मग आख्खी डबी मोरीत रिकामी केली. बघूच, म्हणाली मनाशी, किती घट्ट लागतं ते.

परकर नेसायची तेव्हापासूनची सवय. दाढ दुखायची म्हणून आईनंच बोटानं लावून दिली होती. आता दुपार झाली की डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, हिरड्या शिवशिवायच्या. फुलांची पाटी घेऊन नदीवर, गंगेच्या घाटावर बसली की ती गिऱ्हाइकांवर खेकसायची. माळ लहान दिसते असं म्हणणाऱ्या एका बाईच्या हातातून तिनं माळ हिसकावूनच घेतली. घरी दूध उतू गेलं तेव्हा ती इतकी ओरडली की मनीषा म्हणाली, "आई, जरा हळू. नानांना त्रास होतो."

'मीबी सोडलीय' एवढे शब्द नवसाबाईच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. सांगून मिळवलेलं कौतुक तिला नको होतं. कुणीतरी आपणहून विचारावं, तुझी डबी कुठंय? कुणीच विचारलं नाही. पण एक झालं. तलफ आली की ती ओट्यावर बसलेल्या नानांकडे बघायची. खारीक चघळत, आल्यागेल्याकडून शाबासकी घेत ते बसलेले असायचे. अंगाचा असा तिळपापड व्हायचा की तलफ विसरून जायची.

पुढं गावच्या सप्त्यात भजनी मंडळानं नानांचा सत्कार ठरवला. हार अर्थात नवसाबाईच्याच हातचा. शाल पांघरून नाना माईकवर म्हणाले, "सुनबाईनं, संतोषनं मला लय जपलं. कमळावहिनीबी रोज विचारपूस करायच्या." बस्स. टाळ्या झाल्या.

बायकांत बसलेली नवसाबाई उठली. देवळाबाहेर कमळाबाई चपला शोधत होती. तिच्यापुढं हात पसरून नवसाबाई म्हणाली, "चिमूटभर मिश्री दे."

कमळाबाईनं कमरेची डबी काढून चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. "तुझी संपली व्हय?"

"सोडली होती. यांच्या मागोमाग."

"अगंबाई! आन् कुणाला पत्ता नाय?" कमळाबाई एवढ्यानं ओरडली की शालीतले नाना पायऱ्या उतरून आले.

"काय सोडली?"

"मिश्री!" कमळाबाईच बोलली. "ना खारीक, ना बडीशेप, ना डॉक्टर. आसं पाहिजे मन!"

नाना बायकोकडे वळले. "मला नाय बोललीस."

"तुम्ही कुठं इचारलं?"

नानांनी खांद्यावरची शाल सारखी केली. चेहरा आंबट झाला. "मिश्रीचं काय एवढं. ती विडीवानी थोडीच धरून ठेवती?"

नवसाबाईनं त्यांचं तोंड नीट पाहिलं. ते आंबट तोंड तिच्या ओळखीचं होतं. इतके महिने तिचंच तसं झालं होतं. नवरा आपल्यावर जळतोय हे कळताच तिला एकदम हलकं वाटलं. तिनं हात झटकून मिश्री मातीत सांडली आणि कमळाबाईला म्हणाली, "चल, पंगत बसती हाय."

दुसऱ्या दिवशी नाना पारावर सांगत होते, "माझं बघून हिनंबी सोडली." जाता जाता ते ऐकून नवसाबाई पुन्हा पेटली. जास्त राग याचा, की ते खोटं नव्हतं.

आज दोघांचीही सुटलेली आहे. मात्र कुणी पाहुणा ओट्यावर टेकला की नाना बोलण्यासाठी घसा खाकरतात, तोवर नवसाबाईनं सुरुवात केलेली असते.