ताक-भाकरीतला कांदा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं येतं. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

यंदाच्या उन्हाळ्यानं अंगातलं सगळं पाणी ओढून घेतलं. इंदिरानगरला आमची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. दुपारी पत्रा असा तापायचा की खाली बसलं तरी डोकं भणभणायचं. घरात एक मांजरी आणि एक कुत्रं. मांजरी हुशार. माठाखालच्या ओल्या वाळूत पोट टेकून पडायची, संध्याकाळपर्यंत हलायची नाही. कुत्र्याला मात्र पडवी सोडवत नव्हती. दारात माणूस आलं की उठून भुंकायचं आणि पुन्हा धापा टाकत बसायचं. मी लोकांकडची धुणीभांडी करून येईपर्यंत त्याच्या भांड्यातलं पाणी कोमट झालेलं असायचं. ते ओतून माठातलं भरायचं, पोतं भिजवून अंथरायचं, एवढंच माझ्याकडून व्हायचं.

बाकीचं सासूबाई बघायच्या. त्या नामपूरकडच्या, कांद्याच्या पट्ट्यातल्या. उन्हाला उतारा कांदा, हे तिकडे लहान पोरालाही माहीत. आम्हाला ताटात कांदा, बाहेर जाताना पदरात कांदा, आणि कुत्र्याच्या ताक-भाकरीत ठेचलेला कांदा, रोज. "मुक्या जनावरले ऊन लागत नाही का?" असं म्हणायच्या. कुत्रं त्यांच्या हातचं सगळं खायचं. मांजरी वास घेऊन निघून जायची. "सायबीन शे ती," सासूबाई म्हणायच्या.

मग कुत्रं भुंकेनासं झालं. उठलं की मागचे पाय लटपटायचे. आम्हाला वाटलं ऊन लागलं, म्हणून सासूबाईंनी कांदा वाढवला. एका दुपारी कामावरून आले तर ते आडवं पडलेलं, जीभ बाहेर, हिरड्या पांढऱ्याफटक, पोत्यावर चहासारखी काळपट लघवी. अंगावर पाणी मारलं, ओला पंचा पोटाखाली घातला. ते डोळे उघडीना.

नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता. घरात पैसे नव्हते. मला कुणाकडे काही मागताच येत नाही. शेजारच्या काकूंच्या दारात जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "किती लागतील?" मी पडवीतल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. डब्यात होते तेवढे त्यांनी काढून दिले.

रिक्षावाला म्हणाला, "मावशी, ते ओकलं तर सीट तुम्ही धुवायची."

"धुसू रे बाबा, तू चाल," सासूबाई म्हणाल्या.

द्वारका चौकाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि खायला काय देता ते विचारलं. सासूबाईंनी कौतुकानं सांगितलं.

"आजी, कुत्र्याला कांदा विषासारखा. मांजरालाही. त्यानं रक्त खराब होतं."

"माणूसले चालस, मग त्याले कसा नाही?"

"त्याचं शरीर वेगळं. उन्हात त्याला सावली, पाणी आणि वारा द्या. दुपारी पत्र्याखाली ठेवू नका."

"जगेल ना पण?"

"बघू. रोज आणावं लागेल."

रोज नेलं. काकूंकडून आणखी पैसे घ्यावे लागले. कुत्र्याला मोरीजवळ गार फरशीवर ठेवलं. सासूबाई शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालायच्या. स्वतःच्या ताटातही कांदा घेईनात. मी म्हटलं, "आई, तुम्हाला तर चालतो." त्या म्हणाल्या, "मन होत नाही." मी काम करून आले की तिथेच भिंतीला टेकून झोपायचे. एका सकाळी कुत्र्यानं नुसत्या भाकरीला तोंड लावलं. सासूबाईंनी मला हाक मारली नाही, त्याचं खाणं होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

कुत्रं वाचलं. काकूंचे पैसे मात्र द्यायचे होते. मी आणखी एक घर धरलं. सासूबाईंनी लोकांच्या कुरडया करून द्यायला घेतल्या. पहाटे गव्हाचा चीक घोटताना त्यांचे खांदे भरून यायचे. नको म्हटलं तरी ऐकत नव्हत्या. पैसे थोडे थोडे जात होते. शेवटचे द्यायला त्या स्वतः गेल्या. मी आपली दारामागे उभी.

काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, मुक्या जिवासाठीच गेले ते."

"मन्हा हातनं झालं ते," सासूबाई म्हणाल्या. "मन्हा हातनंच फिटू द्या."

काकूंनी पैसे घेतले. सगळे फिटले.