फोटोवाल्याची समजूत

ब्रह्मपुरीत मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. हात स्थिर होता, पण तोंड उघडायची लाज. गिऱ्हाईक निळा रंग मागायचं, मला तिथे लाल शोभेल असं वाटायचं, आणि मी गुपचूप निळाच लावायचो. असल्या माणसाने लग्नांचे फोटो काढायचं का ठरवावं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या काळी आमच्याकडे लग्नात फोटोवाला येणं हीच नवलाई होती, आणि मला त्याच्या कॅमेऱ्यावरचा काळा कपडा आवडला होता. त्याच्याखाली शिरलं की कुणाशी बोलावं लागणार नाही, असा माझा समज.

नागपूरला एक म्हातारे फोटोग्राफर धंदा बंद करत होते. त्यांचा लाकडी कॅमेरा मी घेतला. त्याला दोन लेन्स होत्या आणि माझी ऐपत एकीचीच होती. एक आखूड, बुचाएवढी. "हिच्यात सगळं गणगोत मावतं," ते म्हणाले, "पण कडेची माणसं पसरट दिसतात." दुसरी लांब, पितळेची, भरल्या तांब्यासारखी जड. "हिच्यात माणूस राजबिंडा दिसतो. फक्त तुला लांब उभं राहावं लागेल."

"कोणती घेऊ?" मी विचारलं.

"लोकांशी बोलतोस का?"

"फारसा नाही."

"मग आखूड घे. लांबवाल्याला ओरडावं लागतं."

मी पितळेची घेतली. ती हातात धरली की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

पहिलंच लग्न आरमोरीपलीकडच्या एका खेड्यात मिळालं. वैनगंगेच्या वाळूतून बैलगाडीने मी तिथे पोचलो. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि मुलीचा बाप म्हणाला, "आता साऱ्यायचा एक फोटो काढा जी. कोनी सुटाले नाई पाहिजे."

मांडवाबाहेर उन्हात सगळे उभे राहिले. सगळे म्हणजे अख्खं गाव आणि वर वऱ्हाड. मी कपड्याखाली शिरलो. कॅमेऱ्याच्या काचेवर नवरा, नवरी आणि नवरदेवाच्या मामांचा अर्धा फेटा, एवढंच दिसलं. मी डोकं बाहेर काढून नकारार्थी मान हलवली, तिवईसकट कॅमेरा खांद्यावर टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. का जातोय ते सांगायला हवं होतं, पण एवढ्या माणसांसमोर आवाज फुटेना.

टोकावरूनही निम्मी माणसं बाहेरच राहत होती. मी पुन्हा मान हलवली, कॅमेरा उचलला आणि गावाबाहेर धानाच्या कोरड्या बांधीत उतरलो. मागे वळून पाहिलं तर लग्न माझ्यामागे येत होतं.

पुढे मुलीचा बाप, हातात फेटा घेऊन. त्याच्यामागे गाठ मारलेल्या शेल्यासकट नवरा-नवरी, आणि मग बाकीचे.

"काय चुकलं जी आमचं?" बापाने धापा टाकत विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. रुसलेला माणूस नेमकं हेच म्हणतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"दुसऱ्या पंगतीत बसवलं मनून," कुणीतरी सांगितलं. वाढपी पुढे झाला. "बुंदी मी याइच्या पानावर कमी टाकली. सरून राह्यली होती जी." आणखी एकाने कबूल केलं, की माझी टोपी बघून तो हसला होता. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण आता ते इतके जवळ आले होते की काचेवर नुसत्या बापाच्या मिशा दिसत होत्या. मी कॅमेरा उचलून आणखी मागे गेलो. तेही आले. अख्खं लग्न चालायला लागलंय हे पाहून वाजंत्र्यांनीही वाजवायला सुरुवात केली.

इकडे मामांचं वेगळंच बिनसलं होतं. भाच्यासाठी सायकल मिळावी म्हणून ते सकाळपासून रुसायच्या तयारीत होते. आता ते मांडवाशेजारच्या मोहाच्या झाडाखाली सगळ्यांकडे पाठ करून बसले. पण समजूत काढायला मांडवात माणूसच उरला नव्हता. थोडा वेळ वाट पाहून ते आपणहून उठले आणि माझ्याजवळ आले.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "रुसाचा मान वरपक्षाचा असते. तुमी कोन?"

तोवर आम्ही तलावाच्या पाळीशी पोचलो होतो. तिथे मला तोंड उघडावंच लागलं. "मी रुसलो नाही. तुम्ही मावत नाही."

वाजंत्री थांबली. मुलीच्या बापाने त्यावर नीट विचार केला. "मंग आमी काय करू जी? बारीक होऊ काय?"

त्याने इतक्या मनापासून विचारलं की मला हसू आलं, आणि हसता हसता आवाजही मोकळा झाला. "पाळीवर ओळीने बसा," मी सांगितलं. "मी खाली तलावात जातो. कितीही लांब गेलो तरी कुणी उठायचं नाही."

ते बसले. माझ्या सांगण्यावरून एवढी माणसं बसतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मामा तेवढे उभे.

"मी रुसलो आहो," ते म्हणाले.

"तसेच मधे बसा. रुसलेल्या माणसाचा फोटो भारदस्त येतो."

ते बसले. तलाव कडेने आटला होता, मधे चिखल होता. जिथे सगळे मावले, तिथे मी गुडघ्यापर्यंत रुतलो होतो आणि शेजारी एक म्हैस लोळत होती. मी हात वर केला. लेन्सचं झाकण काढलं, लावलं. मग पाय निघेना. आणि मीच हुकूम दिलेला, त्यामुळे मदतीला कुणी उठेना. सगळे श्वास रोखून बघत राहिले. शेवटी मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "आता या!"

फोटो न्यायला मुलीचा बाप ब्रह्मपुरीत माझ्या पाट्यांच्या दुकानात आला. त्याने तो उजेडात धरला. "माही पोरगी कोनती जी?" मी बोट ठेवलं. ती तिळाएवढी होती. तो म्हणाला, "मामा मात्र राजावानी आला."

पुढचं बोलावणं धानोऱ्याकडून आलं. तिथे मी मांडवात शिरताच खड्या आवाजात सांगून टाकलं, की मी मागे जाईन, पण माझ्यामागे कुणी यायचं नाही. यजमानांचा चेहरा उतरला. फोटोवाला रुसतो ही बातमी माझ्याआधीच तिथे पोचली होती, आणि त्यांनी माझ्यासाठी नारळ आणि दुपट्टा तयार ठेवला होता. समजूत कोणी काढायची, तेही ठरलं होतं. त्यांचा हिरमोड मला बघवेना. मी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि समोरच्या आंब्यापर्यंत रुसून गेलो.