सुमनच्या लाल रिबिनी

सकाळी लेकीची वेणी घालताना खोबरेलाचा वास आला आणि सुमन आठवली. पेठ तालुक्यातून द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या मजुरांची मुलगी. मी तेव्हा मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेविका होते. आमच्या मोहिमेच्या पोस्टरसाठी फोटो काढायचा, म्हणून तिच्या आईने तिचे केस तेल लावून चापूनचोपून विंचरले होते, लाल रिबिनी बांधल्या होत्या.

"अशी गरजू वाटत नाही," फोटोग्राफर म्हणाला. मलाही पटलं. मीच रिबिनी सोडल्या, केस विस्कटले आणि तेलकट हात ओढणीला पुसले.

पोस्टर शहरातल्या द्वारका चौकात लागलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने सुमनच्या आईला ते दाखवायला तिथे नेलं. पोस्टर बघून ती हळूच म्हणाली, "ताई, लोकांना वाटंल, हिला आई नाय."