वाकडी माशी आणि घायाळ डुक्कर

मंडळी, आज स्वतःवरच इतका चिडलोय की जेवणही गेलं नाही.

पलटणीने मोडीत काढलेली एक जुनी रायफल मला मिळाली होती. आमच्या जामसर गावात रानडुकरं नाचणी लोळवत होती, म्हणून संस्थानच्या दरबाराने परवाना दिला. दोन महिने तिच्यावर खपलो. नळीचा गंज घासलेटने काढला, लाकडी दस्त्याला खुरासणीचं तेल चोळलं. काडतुसं तीनच होती, म्हणून आधी झाडावर मारून पाहायचं राहू दिलं.

आज सकाळी डुक्कर बांधावर आलं. खांद्यामागे नेम धरून बार टाकला, तर गोळी मागच्या पायाला लागली! ते किंचाळत रानात शिरलं. मग पाहिलं, तर नळीवरची नेम धरायची माशीच वाकडी होती. दोन महिन्यांत एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

शेजारचा देवराम रक्त बघून म्हणाला, "दादा, आता आमच्या बायांनी लाकडांना जायचं कसं? घायाळ डुक्कर अंगावर येतं."

मी तसाच मागावर निघालो. दुपारपर्यंत ओहळाकाठी शोधलं, पण खडकावर माग हरवला. पाड्यातली एकही बाई आज रानात गेली नाही.

"उद्या मी येतो. तुला माग नाय काढता यायचा," देवराम आत्ताच सांगून गेला. खरंच आहे ते. पण त्याच्या हातात नुसता कोयता, आणि घरात तान्हं मूल.

माझ्या चुकीपायी माग काढायला त्याला पुढे चालवू का? तुम्ही काय केलं असतं?